बुटांचा वाद

बुटांचा वाद : आधुनिक कलेतिहासात एका अभ्यासकाच्या चित्रवाचनाला दुसऱ्याने चिकित्सक उत्तर कसे द्यावे, याचे गाजलेले उदाहरण. वादाचा विषय व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे पॅरिसमधील १८८६ सालचे छोटे तैलचित्र (सु. ३८ × ४५ सेंमी.). त्यात चामड्याचे दोन झिजलेले बूट आहेत. नाड्या सैल सुटलेल्या, एका बुटाचा वरचा भाग दुमडून खाली आलेला, मागे पिवळसर-तपकिरी रिकामी जागा. एवढेच.

पूर्वपक्ष जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांचा. कलाकृतीच्या उगमाविषयी त्यांनी १९३५-३६ मध्ये व्याख्याने दिली. निबंधरूपात ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. वापरातली वस्तू म्हणजे नेमके काय, हे उलगडताना ते व्हॅन गॉगच्या बुटांकडे वळतात. बूट शेतकरी बाईचे आहेत असे धरून चालतात आणि बुटांच्या काळोख्या पोकळीत त्यांना तासांमधली जड पावले, ओली जमीन, भाकरीची विवंचना, बाळंतपणाची धास्ती असे सारे आयुष्य दिसते. बुटांना शेतातले ढेकूळही चिकटलेले नाही, हे त्याआधी त्यांनीच नोंदवलेले आहे. तरीही हे सारे चित्रानेच सांगितले, आपण आपल्या पदरचे काही घातले असे मानणे ही आत्मवंचना ठरेल, असा त्यांचा ठाम दावा आहे. चित्र कोणते, हे मात्र ते सांगत नाहीत. आणि व्हॅन गॉगने बुटांची चित्रे तर अनेक काढली होती.

उत्तर दिले कोलंबिया विद्यापीठातील कलेतिहासकार मेयर शपिरो यांनी, १९६८ मध्ये. मज्जाविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांच्या स्मृतिग्रंथातले ते एक छोटेखानी टिपण. नाझी जर्मनी सोडावी लागलेल्या गोल्डस्टाइन यांनीच हायडेगरांचा निबंध शपिरो यांच्या नजरेस आणला होता. शपिरो यांनी हायडेगरांना पत्र लिहून चित्राची चौकशी केली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्च १९३० मधील प्रदर्शनात ते पाहिले, असे उत्तर आले. त्यावरून शपिरो यांनी चित्राची ओळख पटवली आणि दाखवून दिले की ते काढले तेव्हा चित्रकार पॅरिसमध्ये राहत होता. बूट त्याचे स्वतःचे, शहरी माणसाचे. हायडेगरांची आत्मवंचना झाली ती नेमकी इथे, हा त्यांचा निष्कर्ष.

शपिरोंच्या टिपणाचे बळ त्याच्या आटोपशीरपणात आहे. हायडेगरांचे सगळे तत्त्वज्ञान मोडीत काढण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत. तपासता येईल असे एकच विधान उचलतात आणि साल, स्थळ, चित्राचा सूचिक्रमांक यांच्या आधारे ते पारखतात. बूट कोणाचे याने मूळ सिद्धान्ताला बाध येत नाही, असे हायडेगरांचे समर्थक म्हणतात. हा बचाव पुरेसा नाही. चित्राने आपल्याला सांगितले असे म्हणणाऱ्याला चित्राचीच साक्ष बंधनकारक असते.

पण शपिरोंची बाजूही निर्दोष नाही. बूट व्हॅन गॉगचेच, हे ठसवण्यासाठी ते चित्रकार पॉल गोगँची व्हॅन गॉगच्या बुटांविषयीची आठवण पुढे करतात. ती आर्लमध्ये दोघे एकत्र राहत होते त्या काळाची, म्हणजे १८८८ मधली. गोगँने पाहिलेले चित्र हेच होते, असे तिच्यावरून ठरत नाही. तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी १९७८ मधल्या ‘चित्रकलेतील सत्य’ या ग्रंथात अनेक आवाजांच्या संवादातून हायडेगर आणि शपिरो या दोघांचीही झाडाझडती घेतली. एकाला बूट शेतकरणीला परत करायचे आहेत, दुसऱ्याला चित्रकाराला. पण हा जोडच आहे, हे कोणी पाहिले? दोन्ही डाव्या पायाचे असू शकतात, ही शंका चित्र पाहिल्यावर सहजी झटकता येत नाही. शपिरो यांनी १९९४ मध्ये पुरवणी टिपण छापून आपली बाजू पुन्हा मांडली.

प्रतिसाद लिहायला शिकणाऱ्याला या तिघांत शपिरोच अधिक उपयोगी पडतात. देरिदांचा प्रश्न मूलगामी असला तरी तो विचारण्याची वाट शपिरोंच्या त्या पत्रानेच मोकळी केली. पूर्वपक्षाचा उतारा मोडतोड न करता समोर ठेवणे, ज्याचे खंडन करायचे त्यालाच आधी विचारणे आणि मग चित्राकडे जाणे, हा क्रम त्यांनी पाळला. या वादावर लिहू पाहणाऱ्यांनी मात्र तिन्ही मजकूर उघडण्याआधी चित्र डोळ्यांखालून घालावे. ते अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे.