रिसॉर्टने घडवलेली फळी

स्नोबोर्डचा जन्म रिसॉर्टवर झाला नाही, तो झाला घराजवळच्या टेकाडावर. 1965 सालच्या नाताळात मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यांवर उभं राहून घसरायची सोय करून दिली. पत्नी नॅन्सी यांनी या खेळण्याचं नाव ठेवलं ‘स्नर्फर’. बोलिंगचं सामान बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीने पुढच्याच वर्षी ते बाजारात आणलं आणि दशकभरात त्याचे लाखो नग खपले. पाय अडकवायला पट्टे नव्हते, फळीला धातूची कड नव्हती. पुढच्या टोकाला बांधलेली दोरी हातात धरायची आणि तोल सांभाळायचा. अंगणापलीकडच्या मऊ बर्फावर तेवढं पुरत होतं.

आज ‘ऑल-माउंटन’ म्हणून विकला जाणारा बोर्ड याच खेळण्याचा वंशज आहे. रिसॉर्टवर जाताना एकच बोर्ड न्यायचा आणि सकाळी पहिल्या लिफ्टपासून संध्याकाळी शेवटच्या लिफ्टपर्यंत त्याच्यावरच भिस्त ठेवायची, अशा माणसासाठी तो बनवलेला असतो. पण स्नर्फरशी त्याचं साम्य फारसं उरलेलं नाही. मधल्या काळात रिसॉर्टच्या उतारांनी फळीपुढे एकेक अडचण उभी केली आणि कारागिरांनी एकेक उत्तर शोधलं. बोर्डची आजची घडण म्हणजे त्या उत्तरांची बेरीज आहे.

रिसॉर्टवरचा बर्फ दिवसभर एकसारखा राहत नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. रात्री यंत्रं उतार दाबून ठेवतात, म्हणून सकाळी तो सपाट, टणक आणि बारीक रेघांचा असतो. दुपारपर्यंत शेकडो माणसं त्यावरून गेलेली असतात आणि जागोजागी ढीग साचतात. ऊन लागलं की वरचा थर पाणावतो, सावली आली की तोच काचेसारखा गोठतो. झाडांच्या दाटीत मात्र परवाचा भुसभुशीत बर्फ अजून शिल्लक असतो. एकाच फळीला हे सगळं एका दिवसात पार पाडायचं असतं.

सुरुवातीच्या कारागिरांना ही चिंता नव्हती, कारण त्यांना रिसॉर्टवर थाराच नव्हता. 1970 च्या दशकात दिमित्री मिलोविच यांनी युटामध्ये ‘विंटरस्टिक’ हे बोर्ड काढले. त्यामागची कल्पना समुद्रातल्या सर्फिंगची होती आणि शेपटाला चक्क दुभंग दिलेला होता. युटाचा बर्फ कोरडा आणि खोल असल्यामुळे अशी फळी त्यावर तरंगत जाई. टॉम सिम्स यांनी तर न्यू जर्सीत शाळकरी वयातच, 1963 मध्ये, बर्फावर चालणारी फळी केली होती. पुढे कॅलिफोर्नियात ते स्केटबोर्डच्या व्यवसायात नावारूपाला आले. तिसरे जेक बर्टन कारपेंटर. चौदाव्या वर्षी हाती आलेला स्नर्फर त्यांच्या डोक्यातून गेला नाही आणि 1977 मध्ये व्हरमाँटमधल्या लंडनडेरी गावी त्यांनी स्वतःची कंपनी काढली. शंभराहून अधिक नमुने करून पाहिले, मग विक्री सुरू केली.

या तिघांत बर्टन यांच्या वाट्याला सर्वांत वाईट बर्फ आला. व्हरमाँटमध्ये थंडीच्या मधेच पाऊस पडतो, रात्री सगळं गोठतं आणि उताराचा दगड होतो. असा बर्फ वाट्याला आला हे स्नोबोर्डचं भाग्यच म्हटलं पाहिजे. युटात लपून राहणारी खोट व्हरमाँटमध्ये पहिल्याच वळणावर उघडी पडत असे.

रिसॉर्टच्या मालकांनी या नव्या मंडळींना दारातच अडवलं. अपघात झाला तर भरपाई कोण देणार, ही मोठी भीती होती. फळीवर आडवा उभा असलेला माणूस टाचेच्या बाजूने वळतो तेव्हा पाठीमागचं त्याला दिसत नाही, अशीही तक्रार होती. शिवाय सैल कपड्यांतली ही पोरं जुन्या स्कीवाल्यांच्या डोळ्यांत खुपत होती. शेवटचं कारण पूर्वग्रहाचं होतं, पण सगळाच विरोध पूर्वग्रहातून आला असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. धातूच्या कडेशिवाय टणक उतारावर फळी भरवशाने थांबवता येत नसे, हे खरंच होतं.

1982 मध्ये व्हरमाँटच्याच ‘सुइसाइड सिक्स’ या छोट्या रिसॉर्टवर पॉल ग्रेव्ह्ज यांनी राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पुढच्या वर्षी स्ट्रॅटन माउंटनने स्नोबोर्डला परवानगी दिली. मोठ्या रिसॉर्टपैकी हे पाऊल उचलणारं हे पहिलंच. बर्टन तिथल्या व्यवस्थापकांच्या मागे लागले होते. फळी ताब्यात राहते, वळते आणि हवी तिथे थांबते, हे त्यांना दाखवून द्यावं लागलं. तरीही आरंभी प्रत्येकाची परीक्षा घेतली जाई आणि उत्तीर्ण झालेल्यालाच लिफ्टवर चढता येई. अनेक रिसॉर्टनी हीच पद्धत उचलली. नव्या खेळाला वाट देण्याची ही रीत शहाणपणाची होती.

त्या परवानगीच्या आगेमागेच फळीत दोन मोठे बदल झाले. जेफ ग्रेल यांनी बाइंडिंगला, म्हणजे बूट फळीला जखडणाऱ्या पकडीला, पोटरीमागे उंच पाठ जोडली. त्याआधी मऊ बुटात टाचेवर भार देणं अवघड जाई. आता माणूस मागे रेलला की तो भार थेट टाचेकडच्या कडेवर उतरू लागला. दुसरा बदल पोलादी कडेचा. 1985 च्या सुमारास सिम्स आणि बर्टन या दोघांच्याही बोर्डांना ती आली. विळीच्या पात्यासारखी ही कड गोठलेल्या उतारात रुतली आणि मालकांच्या आक्षेपातला मुख्य मुद्दाच निकालात निघाला. त्या वर्षापर्यंत अमेरिकेतल्या सहाशेच्या आसपास स्की-क्षेत्रांपैकी जेमतेम चाळीसेकांनी दार उघडलं होतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत बहुतेकांनी उघडलं.

आत शिरल्यावर फळीवाल्यांत आपसातच वाद पेटला. पूर्वेकडच्यांना शर्यत प्यारी, पश्चिमेकडच्यांना उड्या. 1983 मध्ये सिम्स यांनी कॅलिफोर्नियात सोडा स्प्रिंग्जला भरवलेल्या जागतिक स्पर्धेत हाफपाइप, म्हणजे उड्या मारण्यासाठी बर्फात कोरलेला अर्धनळीसारखा चर, ठेवला, तेव्हा बर्टन यांच्या चमूने बहिष्काराची भाषा केली होती. या खेळात त्याचं काय काम, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही गटांच्या फळ्याही वेगळ्या होत गेल्या. शर्यतीची लांब, अरुंद आणि ताठ. उड्यांची आखूड, लवचीक आणि दोन्ही टोकांना सारखी. 1998 मध्ये नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड आला तोही जायंट स्लॅलमची शर्यत आणि हाफपाइप अशा दोन वेगळ्या प्रकारांत.

सुट्टीत रिसॉर्टवर येणाऱ्या माणसाला या भांडणाशी कर्तव्य नव्हतं. त्याला सकाळी वेगाने उतरायचं होतं, दुपारी झाडांत शिरायचं होतं आणि जमलं तर छोट्या उंचवट्यावरून उडीही मारायची होती. 1990 च्या दशकात बर्टनच्या ‘कस्टम’सारखे बोर्ड याच माणसासाठी आले. नाक शेपटापेक्षा किंचित लांब, ताठपणा मध्यम. अशा बोर्डची लांबी साधारण 158 सेंटिमीटर असली, तर टोकांशी रुंदी 29-30 आणि कमरेशी 25 च्या आसपास भरते. ही बारीक कंबर शोभेची नसते. फळी कडेवर कलली की कडेचा बाक बर्फाला टेकतो आणि वळण आपोआप कोरलं जातं. बाक जितका खोल तितकं वळण आखूड.

फळी जमिनीवर ठेवली की तिचा मधला भाग उचललेला दिसे. हा कॅम्बर. माणसाच्या भाराने तो दबतो आणि दोन्ही टोकं बर्फात रेटली जातात, म्हणून सकाळच्या टणक उतारावर पकड पक्की बसते. खोल बर्फात मात्र हाच गुण आड येतो. नाक खाली जाऊ पाहतं आणि ते वर ठेवण्यासाठी मागचा पाय भरून येतो. गुलमर्गला गोंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटवर गेलेल्या मराठी पर्यटकांनी असे उतार पाहिलेले असतात, यंत्राने न दाबलेले आणि जवळजवळ 4,000 मीटर उंचीवरचे.

2006 च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यातल्या लिब टेक कंपनीने ‘स्केट बनाना’मध्ये हा बाक उलटा केला: मध्य खाली, टोकं वर. हा रॉकर. फळी सहज वळू लागली, मऊ बर्फात तरंगू लागली आणि नवशिक्यांचं कड अडकून आपटणं कमी झालं. टणक बर्फावर पकड सुटू नये म्हणून कडेला नागमोडी दिली होती. काही वर्षं जिकडेतिकडे रॉकरचाच बोलबाला होता. पण वेगात त्याची फळी थरथरते, पायांखाली ठाम वाटत नाही, हेही लवकरच कळलं. आजचे बहुतेक ऑल-माउंटन बोर्ड दोन्ही बाक एकत्र आणतात. पायांखाली कॅम्बर असतो आणि नाकाशी रॉकर. खोल बर्फात असा बोर्ड खास त्यासाठी केलेल्या फळीइतका तरंगत नाही आणि शर्यतीच्या फळीइतका चावतही नाही. पण दिवसभर कुठेही तो माणसाला उघड्यावर टाकत नाही. रिसॉर्टसाठी हाच गुण सर्वांत मोलाचा.

सपाट वाट ही मात्र त्याची जुनी अडचण आहे. स्कीवाला काठ्यांनी स्वतःला ढकलतो. फळीवाल्याला एक पाय सोडवून रेटत जावं लागतं. तळ चांगला सरकणारा असेल आणि त्यावर मेण नीट चढवलेलं असेल, तर त्रास कमी होतो, संपत नाही.

बहुतेक रिसॉर्टनी दार उघडल्यावरही काहींनी बंदी कायम ठेवली होती. अ‍ॅस्पेन माउंटनने ती 2001 मध्ये उठवली, न्यू मेक्सिकोतल्या टाओसने 2008 मध्ये. व्हरमाँटचं मॅड रिव्हर ग्लेन आणि युटातली डिअर व्हॅली व आल्टा एवढी तीन अजून अडून बसली आहेत. आल्टाविरुद्ध 2014 मध्ये फळीवाले न्यायालयात गेले. रिसॉर्टचा बराच भाग सरकारी वनजमिनीवर आहे, तेव्हा तिथे भेदभाव चालणार नाही, असा त्यांचा दावा होता. बंदी हा खासगी कंपनीचा निर्णय आहे, असं म्हणत न्यायालयाने तो फेटाळला आणि 2016 मध्ये अपिलातही निकाल तोच राहिला. कायद्याने आल्टा जिंकलं असेल. पण पोलादी कड नसतानाचा आक्षेप आज लागू पडत नाही आणि सार्वजनिक जमिनीवरचे उतार सर्वांना खुले असायला हवेत. आल्टाला लागून असलेल्या स्नोबर्डवर स्नोबोर्ड चालतो. दोन्ही रिसॉर्ट मिळून एक तिकीट मिळतं, ते मात्र फक्त स्कीवाल्यांना.