लोण्यातली भेसळ आणि साबणाचा आकडा

आजच्या भागाची सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. घरी साबण करायला घेतला. कृतीत होतं अर्धा किलो खोबरेल आणि 87 ग्रॅम कॉस्टिक सोडा. खोबरेल महाग, म्हणून मी तेवढंच शेंगदाणा तेल घेतलं. तेल ते तेल, काय फरक पडतो? महिनाभराने वडी हाताला लावली, तर हात चुरचुरायला लागले. सगळ्या वड्या टाकून द्याव्या लागल्या.

चूक कुठे झाली, याचं उत्तर थेट फ्रान्समध्ये सापडतं. मार्सेय हे तिथलं साबणाचं शहर. 1688 साली चौदाव्या लुईच्या राजवटीत हुकूम निघाला, की तिथल्या साबणात ऑलिव्ह तेलाशिवाय दुसरी चरबी घालायची नाही. एकच तेल, म्हणजे कारागिराचा अंदाजही ठरलेला. शिवाय साबण कढईत शिजवायचे. क्षार जास्त झाला तर खारं पाणी घालून साबण वर आणायचा आणि खालचं क्षाराचं पाणी काढून टाकायचं. चूक धुऊन निघायची. आपण घरी साबण न शिजवता साच्यात ओततो, त्यामुळे जे घातलं ते सगळं आतच राहतं.

तेलात नेमकं काय असतं, हे उलगडलं मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. 1823 साली त्याचा ग्रंथ आला. चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं, हे त्यातून स्पष्ट झालं. सोडा या आम्लांशी जोडला जातो आणि साबण होतो. आता गंमत बघा. एक किलो बोरं आणि एक किलो आंबे घेतले तर नग बोरांचे जास्त भरतात ना? खोबरेलातली आम्लं ही बोरं. रेणू लहान, म्हणून तेवढ्याच वजनात संख्येने जास्त. साहजिकच सोडाही जास्त लागतो.

पण किती जास्त? तो आकडा आला 1879 साली, आणि तोही साबणासाठी नव्हे! कोटस्टॉर्फर नावाच्या रसायनतज्ज्ञाला लोण्यातली परक्या चरबीची भेसळ पकडायची होती. एक ग्रॅम चरबीला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतो, हे त्याने मोजलं. लोण्याचा आकडा इतर बऱ्याच चरबींपेक्षा जास्त येतो, त्यामुळे भेसळ उघडी पडायची. हाच आकडा पुढे साबणवाल्यांच्या कामी आला.

सोड्याच्या हिशोबात सांगतो. अर्धा किलो खोबरेल पूर्ण साबणात बदलायला साधारण 91 ग्रॅम लागतो, शेंगदाणा तेलाला 68 च्या आसपास. म्हणजे माझ्या वड्यांत जवळपास 19 ग्रॅम कॉस्टिक मोकळाच राहिला होता.

आणि हो, हा आकडासुद्धा सरासरीच. ऑलिव्ह तेलाचाच पोटॅशचा आकडा 184 ते 196 मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून घरी करणारे सोडा हिशोबापेक्षा पाचेक टक्के कमीच घालतात. माझ्या कृतीतले 87 ग्रॅम तसेच आले होते. फक्त ते खोबरेलासाठी होते, आणि मी तेल बदलताना आकडा बदलला नाही.