चुकलेला ठोका

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला माणसांचा समुद्र लोटतो. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी चौकात शिरते, तेव्हा बहुतेकांची नजर गाडीत बसलेल्या महाराजांवर असते. गर्दीत थोडे असेही असतात, जे कान देऊन इंजिन ऐकतात. ही गाडी बनवणारा जर्मन कारखाना मोटारींकडे वळण्याआधी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं घडवत असे. गाडी राजाराम महाराजांच्या काळातली आहे, आणि ज्या वस्तीत असे कान तयार झाले तिच्या नावातही तेच महाराज आहेत. ती वस्ती राजारामपुरी.

पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा ओळीनं आखलेली ही पेठ जुन्या शहराच्या बाहेर वसली. शेजारी शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं आणि दोघांचं नातं जुळलं. घर राजारामपुरीत आणि लेथ उद्यमनगरात, असा दिनक्रम इथल्या किती तरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. आज कुणी जुनी, वेगवान स्पोर्ट्स कार घेतो आणि ‘इंजिन मिसिंग करतंय’ म्हणत या भागातल्या गॅरेजच्या दारात उभा राहतो. त्याला मिळणाऱ्या उत्तरामागे गुळाचा, उसाचा आणि पाण्याचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाची सुरुवात बाजारपेठेपासून होते. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काचा बाजार मिळाला. १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली आणि यंत्राजवळ राबणारा कामगार शहरात रुजू लागला. पुढे पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासं झालं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना अडचणीत आला, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचं लोखंड शेतात गेलं. कोल्हापूरच्या यंत्रविद्येचं वळण या एका घटनेत दिसतं: यंत्र आलं ते शेतकऱ्याच्या गरजेपोटी.

ती गरज पुढे ऑइल इंजिननं भागवली. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी ठरलं. त्याला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की तापलेल्या हवेत फवारलेलं तेल आपोआप पेटतं. दाब कमी पडला की हवा पुरेशी तापत नाही, आणि तेल पेटायच्या ऐवजी पांढऱ्या धुराच्या रूपानं बाहेर पडतं. या इंजिनाचा जीव कम्प्रेशनमध्ये असतो. मिस्त्री लोकांनी त्याला सरळ नाव दिलं: दम. ‘इंजिनात दम नाही’ म्हणजे काय, हे सांगायला त्यांना पुस्तकाची गरज पडली नाही.

नदीचं पाणी उसाला चढवायचं असो की गुऱ्हाळाचा चरक फिरवायचा असो, एका सिलिंडरचं, पाच-सहा अश्वशक्तीचं जाडजूड इंजिन लागे. लिस्टर धर्तीची ही इंजिनं मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास फेरे घेत. असं इंजिन चालू करणं ही एक कसरतच. डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलायची म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि दाब बनत नाही. मग हँडल मारून जड फ्लायव्हीलला गती द्यायची आणि योग्य क्षणी लिव्हर सोडायची. लिव्हर पडताच हँडल धरलेल्या हाताला धक्का बसतो. धक्का जोरकस असेल तर दम शाबूत आहे. फ्लायव्हील अलगद फिरून गेलं, तर हवा कुठून तरी निसटते आहे. कम्प्रेशन मोजण्याचं कोल्हापुरातलं पहिलं साधन म्हणजे माणसाचा खांदा.

कानाचं कामही तितकंच मोलाचं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. म्हणजे साडेसहाशे फेऱ्यांना सव्वातीनशे ठोके, सेकंदाला पाच-साडेपाच. इतक्या संथ तालात एक ठोका गळला तरी बांधावरच्या माणसाला कळतं. आणि कळायलाच हवं होतं, कारण तोडलेला ऊस थांबत नाही. चरक बंद पडला की उसाचा रस आंबतो, काहिलीखालचा जाळ वाया जातो आणि गुळाचा रंग बिघडतो. म्हणून गुऱ्हाळाच्या हंगामात चांगला मिस्त्री वैद्याइतकाच हवाहवासा असे.

या निकडीतून उद्यमनगर घडलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही त्या पहिल्या पिढीची नावं. पोवारांचं नाव आज एका वसाहतीलाच आहे. आधी मोडलेला भाग दुरुस्त करायचा, मग तसाच नवा ओतायचा, आणि शेवटी अख्खं इंजिन उभं करायचं, या क्रमानं शहर शिकत गेलं. लाइनर बसवणं, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह घासून सीटवर बसवणं ही कामं शेजारशेजारच्या शेडमध्ये होऊ लागली. एक जण पिस्टनवर हात बसवे, दुसरा हेडवर. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या वाढल्या. सिलिंडर ब्लॉक आणि हेड इथून देशभरच्या वाहन कारखान्यांना जाऊ लागले. मेननसारख्या इथल्या कंपनीनं पिस्टनमध्ये नाव मिळवलं. दम कोंडून धरणारे सगळे भाग एकाच शहरात तयार होऊ लागले.

दरम्यान रस्ते बदलले. फियाट आणि अँबॅसेडरच्या चार सिलिंडरना सरावलेल्या हातांत १९८३ नंतर मारुती ८०० आली. तिचे सिलिंडर तीन. एक मारेनासा झाला की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला, आणि गाडी चढावर थरथरू लागली. मिस्त्री एकेका प्लगची वायर क्षणभर काढून बघत. वायर काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी सापडला.

वेगाची ओढ तर या शहराला आहेच. इथल्या मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय शर्यती झाल्या, आणि कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचले. या ओढीतूनच जुन्या स्पोर्ट्स कार हौसेनं घेतल्या जातात, आणि त्यांच्यासोबत आधीच्या मालकाच्या चुकाही येतात. भरधाव असताना चुकून खालचा गिअर पडला, तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं, पिस्टन व्हॉल्व्हला चाटतो आणि व्हॉल्व्ह केसभर वाकतो. बाहेरून काही दिसत नाही. गाडी धुऊन पुसून चकचकीत विक्रीला येते.

चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर असताना सेकंदाला दोनशे ठोके पडतात. ते मोजणं कानाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून ते काम सेन्सरकडे गेलं. भारतात ओबीडीचा, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला. स्कॅनर जोडला की पी०३०४ असा कोड येतो, म्हणजे चौथा सिलिंडर चुकतोय. हे त्याला कळतं कसं? क्रँकजवळचा सेन्सर फेरीचा वेग सतत मोजतो. ज्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही, त्याच्या पाळीला क्रँक किंचित मंदावतो. गुऱ्हाळावरचा मिस्त्री फ्लायव्हीलकडे बघून जे ओळखत होता, नेमकं तेच.

ठोका कुठे चुकला हे कोडवरून कळतं, का चुकला ते कळत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक आधी चौथ्याची कॉइल दुसऱ्यावर चढवतो. कोड तिच्यामागे गेला तर कॉइल खराब. मग हाच खेळ प्लग आणि इंजेक्टरशी. तरीही चौथाच चुकत राहिला, तर कम्प्रेशन गेज बाहेर येतो. इंजिन गरम करायचं, सगळे प्लग काढायचे, इंधनपुरवठा आणि इग्निशन तोडायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. समजा आकडे आले १७०, १६८, १७१ आणि १२० पौंड. चौथ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलानं तात्पुरती फट बुजवली. जागचा हलला नाही, तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅसकेटमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलिंडर पडले असते, तर संशय आधी त्यांच्यामधल्या गॅसकेटवर गेला असता.

गेजच्या आकड्यांना इथं एक पदर आणखी आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ, म्हणून आकडाही तितकाच कमी येतो. कंपनीच्या पुस्तकातले १८० पौंड राजारामपुरीत १७० दिसले, तर त्यात बिघाड नाही. चारही आकडे एकमेकांशी किती जुळतात, याकडे बघायचं. दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तरच पाना हातात घ्यायचा.

शेवटची चाचणी हवेची. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि गॅरेजमधली बाकीची यंत्रं थांबवायची. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. आपल्या चौथ्या सिलिंडरची हवा मागून येते. मेकॅनिक गाडीच्या मागे उकिडवा बसतो, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरतो, आणि झुळूक लागताच खरेदीदाराला हात पुढे करायला सांगतो. त्याच्या तळव्यालाही ती लागते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. गाडीची किंमत आता त्या झुळुकीवरून ठरणार असते.