विहीर कोण बघतं?



पेट्रोल पंप म्हटलं की आपल्याला आगीची भीती वाटते. ‘धूम्रपान करू नये’ ही पाटी, वाळू भरलेल्या लाल बादल्या, मोबाइल बंद ठेवण्याची सूचना... सगळं आगीसाठी. पाण्यासाठी तिथे एक ओळही लिहिलेली नसते. आज त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल लिहितो. मास्तरकीत आयुष्य गेलं, तेव्हा सुरुवात मागूनच करतो.

मोटारी नव्या होत्या तेव्हा पेट्रोल डब्यांतून विकलं जाई. डबा गळला तर डोळ्यांना दिसे, नाकाला कळे. पण डब्यांचा साठा म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून टाकी जमिनीत पुरायची आणि वर फक्त पंप ठेवायचा, अशी पद्धत पडली. आपल्याकडे १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे. त्याचे परवाने बघणाऱ्या स्फोटक खात्याचं, म्हणजे आजच्या ‘पेसो’चं, मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे, तिवशाहून याच हमरस्त्याने जायचं. आगीच्या दृष्टीने पुरलेली टाकी उत्तमच. पण मेख तिथेच आहे. जी टाकी आगीपासून लपवली, तिची गळतीही आपल्यापासून लपली.

जमिनीतलं उघडं लोखंड वीस-तीस वर्षांत गंजतं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर रस्तोरस्ती पंप झाले आणि १९८० च्या सुमारास त्या टाक्या म्हाताऱ्या झाल्या. लोकांच्या विहिरींना, तळघरांना पेट्रोलचा वास येऊ लागला. १९८४ मध्ये त्यांच्या संसदेने जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला. जुन्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा, यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही शेवटची तारीख दिली. कायदा झाल्यापासून आजवर तिथे गळतीची साडेपाच लाखांहून अधिक प्रकरणं नोंदली गेली आहेत.

इतकं गळूनही कळत कसं नाही? टाकीत रोज काठी घालून साठा मोजतात. पण पेट्रोल उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं, थोडं उडून जातं, म्हणून हिशेबात घट-तूट धरावीच लागते. अमेरिकेच्या नियमात महिन्याच्या विक्रीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९० लिटर, एवढा फरक चालतो. दिवसाला पाच-सात लिटर मुरले, तर वहीत सगळं ठीकच दिसणार!

आणि पाच-सात लिटर म्हणजे किती, हे माझ्यातल्या मास्तरने कागदावर मांडून पाहिलं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन १ टक्क्यापर्यंत चालतं. ते कर्करोग करणारं रसायन आहे. १ लिटर पेट्रोलमध्ये ते साधारण पावणेनऊ ग्रॅम भरेल. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे लाख भाग करा, त्यातला एक. करा गुणाकार. एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन आठ लाखांहून अधिक लिटर पाणी बिघडवू शकतं. आणि बेंझीनचा वास नाकाला कळायच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असते.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराचं उदाहरण यात फार बोलकं आहे. पेट्रोलमधलं शिसं काढायचं म्हणून तिथे एमटीबीई नावाचं रसायन मिसळू लागले. हवा सुधारली. पण हे रसायन पाण्यात चटकन विरघळतं आणि पाण्याबरोबर लांब जातं. १९९५ मध्ये ते शहराच्या विहिरींत सापडलं, आणि १९९६ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या. शहराचं निम्मं पाणी गेलं. खटले झाले, तेल कंपन्यांनी पैसे भरले, शुद्धीकरणाचा कारखाना उभारला. मुख्य विहिरींचं पाणी पुन्हा नळाला यायला जवळजवळ पंधरा वर्षं लागली.

मी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा एका पंपाच्या आवारात फरशीत बसवलेली छोटी गोल लोखंडी झाकणं पाहिली होती. ‘निरीक्षण विहीर, इथे भरू नका’ अशा अर्थाचे शब्द त्यांवर होते. टँकरवाल्याने टाकीचं तोंड समजून त्यात पेट्रोल ओतू नये म्हणून ही सूचना. अशा निदान तीन विहिरी लागतात. तिन्हींतली पातळी मोजली की जमिनीखालचं पाणी कोणत्या दिशेने वाहतं ते कळतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्याचा थर मोजतात. मग छोट्या बाटलीत हवेचा बुडबुडासुद्धा राहू न देता पाणी भरायचं, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचं. दर तीन महिन्यांनी, वर्षानुवर्षं. कंटाळवाणं काम आहे. पण पहारा म्हणजे कंटाळाच की!

आपल्या देशात २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात लोकांच्या बोअरमधून पाण्याबरोबर तेल येऊ लागलं. भारत पेट्रोलियमची जमिनीखालची जुनी पाइपलाइन गळत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. लक्षात घ्या, तिथे गळती पकडली ती घरच्या बोअरचं पाणी वापरणाऱ्या माणसांनी. पुढे ७ जानेवारी २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर त्यांत आलं, जमीन आणि भूजलाचा विचारही आला.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येतो. आमच्या तिवशात हमरस्त्यावर पंप आहेत. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, तसं काही ऐकिवातही नाही. मला काळजी आहे ती बघणाऱ्यांची. आपल्याकडे वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतून वाहतं, म्हणून एक विहीर तुडुंब आणि शेजारची कोरडी. बिघडलेलं पाणीही असंच, सांगून येणार नाही. सरकारच्या निरीक्षण विहिरी आहेत. केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून ४ वेळा पातळी मोजतं. पण नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड बघतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यामुळे क्षार तर आपल्या जिभेलाच कळतात. बेंझीन त्या नेहमीच्या यादीत नसतं.

पूर्वी विहिरीला रोज पन्नास जणी पहारा देत होत्या. पाण्याला जरा वास आला की दुपारपर्यंत गावभर होई. नळ आले, घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रं आली. चांगलंच झालं, बायांच्या डोक्यावरचं ओझं गेलं. पण विहिरीचा पहाराही त्याबरोबर उठला. परवा एक शेतकरी म्हणाला, ‘‘सर, आमच्या विहिरीत कचरा टाकतेत लोकं, पाहत कोनी नाही.’’ आणि उन्हाळ्यात टंचाई आली की तहसील कार्यालय अशाच खाजगी विहिरी अधिग्रहित करतं, टँकर तिथूनच भरतात. म्हणजे बाकीचं वर्ष जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, मे महिन्यात गाव तिच्याच पाण्यावर जगतं.

म्हणून एवढंच सुचवतो. तुमच्या गावी पंपाजवळ जुनी विहीर असेल तर ती मलबा टाकून बुजवू नका. आयती निरीक्षण विहीर आहे ती. वर जाळी बसवा, पावसाळ्याआधी आणि नंतर पाणी उपसून बघा. वास किंवा तवंग दिसला तर काडी ओढून बघण्याचा शहाणपणा करू नका. पाणी वापरणं थांबवा आणि ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवा, पोच घ्या. आणि अधिग्रहित विहीर पंपाजवळची असेल तर बेंझीनची तपासणी लेखी मागा. वास नाही म्हणजे पाणी चांगलं, असं समजू नका.

असो. तुमच्या गावात अशी विहीर आहे का, आणि ती कोण बघतं? जरूर कळवा.