अरण्यांतील सुइणी आणि त्यांची शाळा

भाद्रपदांतील रात्र. नाल्याला पूर आलेला, पायवाट चिखलांत बुडालेली, आणि झाडीपट्टींतील एका झोपडींत एक स्त्री बाळंत होत आहे. अशा वेळीं तिच्या उशाशीं कोण बसलेलें असतें? डॉक्टर वीस कोसांवर, परिचारिका नाल्यापलीकडे. पिढ्यान् पिढ्या तेथें बसत आली ती गांवची सुईण. विदर्भांत तिला दाई म्हणतात. जन्मणाऱ्या जीवाला ह्या जगाचा पहिला स्पर्श होई तो तिच्या हातांचा. त्या हातांना कोणी काय शिकविलें, आणि शिकविलेलें त्यांच्यांत टिकून राहावें म्हणून पुढें कोणी काय केलें, हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु असंख्य बालकांचे प्राण त्याच्या उत्तरावर अवलंबून राहिले आहेत. चंद्रपूर व गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत त्या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें गेलें, त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

दाईला शिकवावें ही कल्पना मात्र बरीच जुनी आहे. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन ह्यांच्या पत्नीनें १८८५ मध्यें हिंदुस्थानांतील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून औषधोपचार मिळावे म्हणून एक निधि उभारला. पुढें १९०३ मध्यें लेडी कर्झन ह्यांनीं व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ दुसरा निधि स्थापन केला, तो मुख्यतः देशी दायांच्या शिक्षणासाठींच होता. दोन्ही प्रयत्न स्तुत्य खरे. परंतु त्यांची धांव शहरांतील इस्पितळांच्या आसपासच राहिली. दाईला बोलावून आणावें, स्वच्छतेचे नियम सांगावे आणि घरीं पाठवून द्यावें, अशी त्या शिकवणुकीची रीत असे. घरीं गेल्यावर तिनें काय केलें हें पाहावयास सहसा कोणी जात नसे. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल सादर केला, तेव्हां तिलाही मान्य करावें लागलें कीं पुरेशा शिकलेल्या सुइणी तयार होईपर्यंत दायांनाच शिकवून त्यांच्याकडून काम घेण्यावांचून गत्यंतर नाहीं.

जुन्या चांदा जिल्ह्यांत ही अडचण विशेष तीव्र होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं ह्या जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. पश्चिमेस वैनगंगा व प्राणहिता, दक्षिणेच्या टोंकास गोदावरी, आग्नेयेस इंद्रावती, आणि मध्यें साग, मोह व बांबू ह्यांचें विस्तीर्ण रान, असा हा मुलूख आहे. गोंड व माडिया लोकांची येथें जुनी वस्ती आहे. पावसाळ्यांत नद्या-नाले फुगले म्हणजे गांवामागून गांव जगापासून तुटत असे. चांगल्या कामाची परंपरा ह्या भागाला नव्हती असें नाहीं. वरोड्याजवळ बाबा आमटे ह्यांचें आनंदवन उभें राहिलें होतें आणि १९७३ पासून भामरागडच्या रानांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प चालूं होता. परंतु घरोघरच्या बाळंतिणीपर्यंत आणि तिच्या तान्ह्यापर्यंत नित्य पोंचेल अशी व्यवस्था अजून व्हावयाची होती.

१९८६ मध्यें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य गडचिरोलीस येऊन राहिलें. अभय बंग वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणांत वाढलेले, तर राणीबाई मूळच्या चंद्रपूरच्या. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले होते. त्यांनीं ‘सर्च’ नांवाची संस्था काढली. पुढें धानोरा तालुक्यांत ‘शोधग्राम’ वसलें, आणि तेथील रुग्णालयास आदिवासींच्या इच्छेप्रमाणें दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें.

येथें पहिला धडा मिळाला तो डॉक्टरांनाच. राणीबाईंनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग जडलेला होता, आणि त्यासाठीं पूर्वीं तपासणी झाली होती ती शंभरांत अवघ्या आठ जणींची. हें संशोधन १९८९ मध्यें इंग्लंडमधील ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. तोंवर ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार बहुधा गर्भारपण आणि संततिनियमन एवढ्यापुरताच होत असे. स्त्री आपल्या दुखण्याला कोणता शब्द योजते, कोणाजवळ तें बोलते आणि कोणापासून लपविते, हें समजून घेतल्यावांचून तिला कांहीं शिकवूं पाहणें व्यर्थ होतें.

दुसरा धडा शिकविण्याच्या कलेचा होता. लहान मुलांच्या मृत्यूचें एक मोठें कारण म्हणजे फुप्फुसदाह, ज्याला आपण न्युमोनिया म्हणतों. तान्ह्या मुलाचा श्वास एका मिनिटांत साठांहून अधिक, किंवा त्याहून मोठ्या बालकाचा पन्नासांहून अधिक वेळां चालला, तर हा रोग ओळखावा, असा साधा नियम आहे. परंतु निरक्षर दाईला पन्नास-साठांपर्यंत आंकडे मोजतां येत नसत, आणि मिनिट दाखविणारें घड्याळही तिच्यापाशीं नसे. दोष तिच्या बुद्धीचा होता काय? मुळींच नाहीं. मोजण्याचें साधन तिच्या जोगतें नव्हतें, एवढेंच. मग मिनिटभर वाळू गळणारें एक घटिकायंत्र व त्याला जोडलेले मणी असें उपकरण तयार करण्यांत आलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकविण्याची पाळी आली, तर बालक आजारी समजून औषध सुरू करावयाचें. दाईनें हें सहज आत्मसात केलें. दाया, गांवांतील आरोग्यसेवक व इतर कर्मचारी ह्यांच्या हस्तें झालेल्या ह्या उपचाराचें फळ १९९० मध्यें जगापुढें आलें. जेथें उपचार झाले त्या गांवांत न्युमोनियानें आजारी पडलेल्या बालकांपैकीं शंभरांत एकही पुरतें दगावलें नाहीं. तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांत शंभरांत तेरांहून अधिक दगावलीं.

तरीसुद्धां जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यु थांबत नव्हते. रूढ समजूत अशी होती कीं इतक्या कोवळ्या जीवाचा उपचार इस्पितळांतच व्हावयाचा. परंतु १९९५-९६ मध्यें ३९ खेड्यांतील ७६३ नवजात बालकांचें त्यांच्या घरीं जाऊन निरीक्षण झालें, आणि त्या समजुतीचें खरें मोल कळलें. शंभरांत बेचाळीस बालकांचें वजन अडीच किलोंहून कमी होतें. निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. आणि डॉक्टरची दृष्टि पडली ती शंभरांत तिघांवरसुद्धां नाहीं. इस्पितळ होतें, पण त्याच्या दारापर्यंत बाळ जात नव्हतें. तेव्हां विद्येनेंच बाळाच्या दाराशीं जावयास हवें होतें.

ह्या ३९ खेड्यांतून थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया निवडण्यांत आल्या. कोणी पांचवी झालेली, कोणी दहावीपर्यंत गेलेली. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणूं लागले. दाईला बाजूस सारण्यांत आलें नाहीं. प्रसूति तिनें करावी आणि बाळाकडे आरोग्यदूतानें पाहावें, अशी वांटणी झाली. गर्भारपणीं घरीं जाऊन सल्ला देणें, प्रसूतीच्या वेळीं हजर राहणें, श्वास न घेणाऱ्या बाळाला उपकरणानें श्वास देणें, काट्यावर त्याचें वजन करणें, त्याला ऊबदार पिशवींत गुंडाळणें, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आईच्या दुधाची घडी नीट बसवून देणें, हीं तिचीं कामें होतीं.

आईचें दूध ही शिकविण्याची गोष्ट आहे काय, असें सुशिक्षित घरांतही विचारलें जातें. उत्तर असें कीं, आहे. प्रसूतीनंतरचें पहिलें दाट, पिंवळसर चिकाचें दूध कित्येक घरांत अशुद्ध समजून टाकून दिलें जाई, आणि बाळाच्या तोंडांत गुळाचें पाणी किंवा मध घालीत. वस्तुतः त्या चिकांतच रोगांपासून रक्षण करणारीं द्रव्यें भरपूर असतात. दूध कमी पडतें अशी आईची तक्रार असली, तर बहुधा बाळ नीट धरलेलें नसतें किंवा पुरेशा वेळां पाजलेलें नसतें. बाळ जितकें ओढील तितकें दूध अधिक उतरतें. कारण ओढण्याच्या त्या क्रियेनेंच आईच्या शरीरांत दूध निर्माण करणारीं द्रव्यें स्रवतात. अशक्त व अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ओढण्याची शक्तिच नसते. तेव्हां दूध वाटींत काढून चमच्यानें थोडें थोडें, पण वारंवार पाजावें लागतें. हें सांगण्यास सोपें असलें तरी रडणारें बाळ, थकलेली आई आणि धास्तावलेली सासू ह्यांच्यामध्यें बसून करून दाखविण्यास फार कठीण आहे. तें पुस्तकांतून येत नाहीं. तें कोणीतरी हात धरून शिकवावें लागतें आणि पुन्हां पुन्हां तपासावें लागतें.

जुने दाईवर्ग आणि ही नवी शाळा ह्यांत मुख्य भेद हाच होता. येथें शिक्षण एकदां उरकून टाकावयाचें नव्हतें. थोडें शिकावें, गांवीं जाऊन करावें, अडलेलें घेऊन परत यावें, असा क्रम होता. पर्यवेक्षक ठराविक अंतरानें गांवीं येऊन आरोग्यदूताच्या नोंदी पडताळून पाही आणि चूक तेथल्या तेथें दुरुस्त करी. ह्या शिस्तीच्या बळावरच सर्वांत धाडसी पाऊल टाकतां आलें. बाळाच्या रक्तांत जंतुदोष पसरल्याचीं लक्षणें दिसलीं आणि आईबाप इस्पितळांत नेण्यास राजी नसले, तर आरोग्यदूतानें स्वतः जंतुनाशक औषधाचें इंजेक्शन द्यावें असें ठरलें. खेड्यांतील अल्पशिक्षित बाईच्या हातीं सुई देणें अनेक वैद्यांना अमान्य होतें, आणि त्यांची शंका अगदींच निराधार होती असेंही म्हणतां येणार नाहीं. उत्तर आंकड्यांनींच द्यावयाचें होतें, आणि तें ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्यें दिलें गेलें. ह्या ३९ गांवांत आरंभीं दर हजार जन्मांमागें ६२ नवजात बालकें दगावत. १९९७-९८ मध्यें ती संख्या सुमारें २५ वर आली. ज्या ४७ गांवांत ही व्यवस्था नव्हती, तेथें त्याच वर्षीं ती साठांच्या घरांतच राहिली.

डॉक्टरांना व परिचारिकांना मात्र असें फिरून शिकण्याची गरज नव्हती काय? ह्याच सुमारास तीही जाणीव जागी होत होती. १९८९ मध्यें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनीं स्तनपानासाठीं प्रसूतिगृहांना दहा नियम घालून दिले. त्यांतील दुसराच नियम सर्व कर्मचाऱ्यांना ह्या कामाचें कौशल्य शिकविण्याविषयीं आहे. चंद्रपूरला लागूनच असलेल्या वर्ध्यास ३ डिसेंबर १९९१ रोजीं स्तनपानाच्या प्रसारासाठीं एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि पुढें वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे शिक्षणवर्ग हें तिचें एक प्रमुख कार्य बनलें. १९९२ मध्यें बाटलीच्या दुधाच्या जाहिरातींस बंदी घालणारा कायदा झाला. ज्ञान स्वतःही स्थिर नव्हतें. केवळ आईच्या दुधावर बाळाला चार ते सहा महिने ठेवावें असा सल्ला पूर्वीं दिला जाई. २००१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें सहा महिने पुरे करावे असें सांगितलें. जुन्या पदवीवर विसंबून राहिलेला डॉक्टर आणि जुन्या चालीवर विसंबून राहिलेली दाई ह्यांत तेव्हां फारसें अंतर उरलें नाहीं.

गडचिरोलीची रीत पुढें देशभर गेली. २००५ पासून गांवोगांव ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या जाऊं लागल्या, आणि २०११ मध्यें नवजात बालकाची घरीं जाऊन काळजी घेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. इस्पितळांत जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत सहा खेपा आणि घरीं जन्मलेल्याकडे सात, असा नियम झाला. त्यासाठीं लागणारें शिक्षणही चार टप्प्यांत विभागून दिलें गेलें. इंजेक्शनचा अधिकार मात्र आशांना मिळाला नाहीं. २०१४ मध्यें कांहीं अटींवर तो परिचारिकांना देण्यांत आला.

आतां काळ पालटला आहे. बहुतेक स्त्रिया रुग्णालयांत बाळंत होतात. परंतु २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींतील दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. भारतांत शंभरांपैकीं ८८ हून अधिक प्रसूति संस्थांत झाल्या. पण जन्मानंतर तासाभराच्या आंत आईचें दूध मिळालें तें शंभरांत ४२ बालकांनाच. म्हणजे बाळ इस्पितळाच्या दारांत पोंचलें, डॉक्टर व परिचारिका त्याच्या उशाशीं आल्या, आणि तरीही त्या पहिल्या तासांतील साधें काम निम्म्याहून अधिक ठिकाणीं राहून गेलें. इमारत, खाटा आणि पदव्या ह्यांनीं तें आपोआप होत नाहीं. त्यासाठीं झाडीपट्टींतील त्या शाळेचाच क्रम लागतो. शिकावें, करावें, कोणी तपासावें आणि पुन्हां शिकावें.

तांबडा मणी सरकविणाऱ्या निरक्षर दाईला जें साधलें, तें प्रकाशानें उजळलेल्या प्रसूतिगृहांत असाध्य असण्याचें कारण नाहीं. शिकणें संपलें असें मात्र तेथें कोणी समजूं नये, एवढेंच काय तें हवें.