केशवाहिनीपाशी थांबणारा धडा : झाडीपट्टीतील रक्ताचा इतिहास

धागा 🧵

चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले २०१५ साली, गडचिरोलीला २०२४ मध्ये. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजचे वर्ग १८४५ सालीच भरू लागले होते. शरीररचनेचा वर्ग झाडीपट्टीत पोहोचायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. रक्ताविषयीचे प्रश्न मात्र इथे महाविद्यालयाच्या कितीतरी आधी विचारले गेले. त्यांची ही हकीकत.

प्रथम वर्गात काय शिकवतात ते पाहू. विच्छेदनगृहात विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा हृदय येते, तेव्हा ते मुठीएवढे, सुमारे तीनशे ग्रॅमचे असते. चार कप्पे, त्यांच्यामधल्या झडपा. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड, कारण उजव्याला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत पोहोचवायचे असते आणि डाव्याला टाचेपर्यंत. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास पाच लिटर. शरीरातले सगळे रक्त मिनिटभरात एक फेरी पूर्ण करते.

हा हिशेब आज शाळकरी वाटतो. पण याच हिशेबाने दीड हजार वर्षांचे वैद्यक उलथवले. गॅलेनच्या मते रक्त यकृतात तयार होई आणि अवयवांत खर्ची पडे. विल्यम हार्वेने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधा गुणाकार मांडला : हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते तेवढे सबंध शरीरातही नसते. मग ते नव्याने तयार होत नसून फिरून परत येत असले पाहिजे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेने शरीर जाणण्यासाठी वेगळीच रीत सांगितली होती. प्रेत पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि मग एकेक थर हलकेच घासून काढत पाहावे. त्या ग्रंथात सिरा सातशे आणि धमन्या चोवीस, दोहोंचा उगम नाभीपाशी. हृदय अधोमुख कमळासारखे, जागेपणी उमलणारे आणि झोपेत मिटणारे. यात अभिसरणाचा शोध आधीच लागला होता असे म्हणणारे लेख अधूनमधून फिरत असतात. तसे म्हणणे सुश्रुतावरही अन्याय करणारे आहे. त्याचे प्रश्नच निराळे होते. शब्द मात्र टिकले, पण अर्थ बदलून. मराठी पाठ्यपुस्तकांत कधी रोहिणी आणि नीला, तर कधी धमनी आणि शिरा. शेवटच्या जोडीतले शब्द प्राचीन आहेत, आशय हार्वेचा.

हार्वेच्या नकाशात एक जागा कोरीच राहिली. रोहिणी संपते आणि नीला सुरू होते, त्या दोहोंच्या मध्ये काय असते? ते त्याला दिसले नाही. १६६१ साली मार्चेल्लो माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले. विच्छेदनाच्या चाकूला त्या आजही सापडत नाहीत. हृदय हातात धरता येते, केशवाहिनी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचे तीन मोठे आजार नेमके तिथेच आपला खेळ मांडतात.

पहिला हत्तीरोग. हे दोन्ही जिल्हे त्याच्या पट्ट्यात येतात. टिमथी लुईसने १८७२ साली कलकत्त्यात माणसाच्या रक्तात याचे सूक्ष्म जंतू पाहिले. पुढे चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सनच्या लक्षात आले की बोट टोचून घेतलेल्या रक्तात ते रात्रीच सापडतात. दिवसा ते फुप्फुसांतल्या सूक्ष्म वाहिन्यांत दडून बसतात आणि डास चावण्याच्या वेळी कातडीजवळ येतात. म्हणून हत्तीरोगाचे पथक गावात येते ते जेवणे उरकल्यावर, कंदील किंवा बॅटरी घेऊन. अपरात्री रक्त मागणाऱ्या परक्या माणसाविषयी गावाला संशय वाटला, तर नवल कसले?

दुसरा मलेरिया, त्यातही फाल्सिपेरम. जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी चिकट होतात आणि मेंदूच्या केशवाहिन्यांत अडकून बसतात. नागपूरला शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे १९७३-७४ च्या सुमारास हेमलकशात स्थिरावले. तेव्हा वीज नव्हती आणि माडिया भाषा येत नव्हती. मलेरियाने बेशुद्ध झालेला रुग्ण शुद्धीवर येणे, हा भामरागडच्या जंगलात आधुनिक वैद्यकाचा सर्वांत पटणारा पुरावा ठरला.

तिसरा सिकलसेल. तोच सर्वांत गुंतागुंतीचा. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली. भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीत आढळला आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी तो नागपुरात दाखवून दिला. निरोगी तांबडी पेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून अंग मुडपून जाते. सिकलची पेशी प्राणवायू सोडताच ताठ होते, आणि प्राणवायू सोडण्याची जागा तर केशवाहिनीच. मग वाट तुंबते. हाडे असह्य दुखतात, पानथरी हळूहळू निकामी होते, आणि १२० दिवस जगणारी पेशी दोन-तीन आठवड्यांतच संपते.

ही पीडा पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीतून उत्तर दिले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक आले, तर ते मूल जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता वाढते. दोघांकडून आले, तर आजार. थोडक्यात, एका आजारावरची ढाल दुसऱ्या आजाराचे मूळ बनली. डासांच्या प्रदेशात जगण्याची ही किंमत आहे. तिचा कोणा जातीजमातीच्या ‘अशुद्ध रक्ता’शी काडीचा संबंध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण लग्न जुळवताना आजही तसे बोलले जाते.

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला. सुरुवातीच्या कामांतच आदिवासींमधल्या सिकलसेलची पाहणी होती. दोष मोठ्या प्रमाणावर सापडला, शास्त्रीयदृष्ट्या काम चोख होते. पण उपचार हाती नव्हता आणि हा प्रश्न लोकांनी मांडलेलाही नव्हता. ती गरज आदिवासींची नसून संशोधकांची होती, अशी कबुली डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच दिली. संस्थेने त्यानंतर लोकांना विचारून विषय निवडायला सुरुवात केली, आणि दवाखान्याला नाव मिळाले ते दंतेश्वरी देवीचे.

भारतीय वैद्यकाच्या इतिहासात अशी जाहीर कबुली विरळा. रक्ताचा थेंब देणारे बोट एकाचे आणि त्यातून निघालेला निबंध दुसऱ्याचा, हा व्यवहार वसाहतकाळापासून चालत आला होता. विच्छेदनगृहाची कथाही याहून फार वेगळी नाही. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने महाविद्यालयांना बेवारस मृतदेह मिळू लागले. म्हणजे हृदय शिकवणारा तो पहिला गुरू बहुधा कोणी निराधारच असे. देहदानाची चळवळ नंतर आली.

रक्ताला गोंडीत ‘नेत्तुर’ म्हणतात आणि सिरोंच्याकडच्या तेलुगूत ‘नेत्तुरु’. ‘तुमच्या पेशी विळ्यासारख्या आहेत’ हे निदान या भाषांत सांगायचे, तर दुभाषी लागतो, आणि तो बहुतेकदा गावातलाच कोणी आरोग्यसेवक असतो. अभिसरणाचा धडा खऱ्या अर्थाने तोच शिकवत आला आहे, कसल्याही पदवीविना.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले : चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, प्रत्येकाला कार्ड, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. दोन वाहकांच्या लग्नात प्रत्येक गर्भारपणी आजाराची शक्यता चारात एक असते. कार्डामुळे हे आधी कळते. पण त्याच कार्डामुळे मुलीचे स्थळही मोडू शकते.

आता हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी ताठ होण्याचे प्रमाण घटते. ते रोज घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा गोळ्या आधीच घरात पोहोचलेल्या असाव्या लागतात.