घरगुती जलतरण तलाव

घरगुती जलतरण तलाव म्हणजे घराच्या किंवा शेतघराच्या आवारात खासगी वापरासाठी बांधलेला पोहण्याचा तलाव होय. त्यातील पाणी वाहते नसल्याने ते गाळून व निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरावे लागते. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात पाण्याची निगा ही स्वच्छतेइतकीच पाणीबचतीचीही बाब ठरते.

पाण्याची गरज
८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल तलावात ३८,४०० लिटर पाणी मावते. सोलापूर शहराला भीमा नदीवरील उजनी धरणातून पाणी मिळते. मात्र नळाला रोज पाणी येत नाही. अशा ठिकाणी तलाव भरण्यासाठी विंधन विहीर किंवा टँकर हेच पर्याय उरतात. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. वरील तलावातून १ मिलिमीटर जाडीचा थर उडाला, तरी ३२ लिटर पाणी घटते. वापर नसताना आच्छादन घातल्यास ही घट बरीच कमी होते.

जड पाणी
बेसॉल्ट खडकातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. वरून पुन्हा जड पाणी घातल्यास क्षार वाढत जातात व फरशीवर पांढरे थर बसतात. छतावरून गोळा केलेले पावसाचे पाणी मृदू असल्याने भर घालण्यास उपयुक्त ठरते.

गाळण व निर्जंतुकीकरण
पंपाच्या साहाय्याने सर्व पाणी साधारणतः ६ ते ८ तासांत एकदा वाळूच्या गाळणीतून फिरवले जाते. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम असावे. सामू वाढल्यास क्लोरीनची परिणामकारकता घटते. कडक उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होत असल्याने ते सायंकाळी घालणे श्रेयस्कर असते. उग्र वास हे क्लोरीन अधिक झाल्याचे लक्षण समजले जाते. प्रत्यक्षात घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो निर्माण होतो. पोहण्यापूर्वी अंघोळ करण्याचा नियम याचसाठी आहे.

सुरक्षितता
आम्ल व क्लोरीनयुक्त भुकटी एकत्र आल्यास विषारी वायू निर्माण होतो. म्हणून ती वेगवेगळी साठवतात. तलावाभोवती कुंपण व बंद होणारे फाटक आवश्यक असते. लहान मुलांना तलावाजवळ क्षणभरही एकटे सोडू नये.